बेशरम काढा, पण काठ उघडा टाकू नका

पूर ओसरला की पंचगंगेच्या काठावर सगळ्यांत आधी हिरव्या होणाऱ्या झाडांत बेशरम असते. पाण्याखाली राहिलेली, गाळानं माखलेली, आडवी पडलेली तिची खोडं पेरापेरातून फुटायला लागतात. तोवर काठावरचं गवत कुजलेलं असतं, नदीकाठच्या रानातला ऊस पिवळा पडलेला असतो. गुलाबी-जांभळट फुलांची ही रांग लांबून छान दिसते, आणि "राहू दे, निदान काठ तरी धरून आहे" असं म्हणून आपण तिला दरवर्षी सोडून देतो.

हा लेख ती काढायची कशी, यासाठी आहे. नदी-ओढ्याला लागून रान असलेले शेतकरी, पाणीपुरवठा संस्था, ग्रामपंचायती, आणि श्रमदानाला पोरं गोळा करणारी तालीम मंडळं डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो. बेशरम उपटायला ताकद लागते, पण ते काम अवघड नाही. अवघड आहे ते उपटल्यावर पुढचा पावसाळा येईपर्यंत तो काठ झाकणं. जेसीबी लावून मे महिन्यात सगळा काठ एका दमात साफ करायचा आणि जुलैत नदीला मोकळा सोडायचा, असं करण्यापेक्षा बेशरम आहे तिथं राहिलेली बरी. म्हणून या लेखात उपटण्याइतकीच जागा वेळापत्रकाला आणि नव्या लागवडीला दिली आहे.

ही इथं आली कशी

बेशरमचं शास्त्रीय नाव इपोमिया कार्निया. आपल्याकडे सगळीकडे दिसते ती तिची फिस्टुलोसा ही उपजात. मूळची ती उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. रताळं हे तिचं सख्ख्या नात्यातलं. भारतात ती शोभेसाठी, कुंपणासाठी, हिरवळीच्या खतासाठी आणि कालवे, तळी, ओढे यांचे काठ धरून ठेवण्यासाठी लावली गेली. लावणाऱ्यांना मूर्खात काढण्यात अर्थ नाही. फांदी तोडून खोचली की जगते, पाणी घालावं लागत नाही, पुरात मरत नाही आणि जनावर सहसा तोंड लावत नाही. बांधाला कुंपण हवं असलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? पुढे डोकेदुखी झाली ती याच गुणांची.

हे एकट्या आपल्याकडे घडलेलं नाही. अमेरिकेत कुडझू नावाचा वेल १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जपानहून आला. १९३० च्या दशकात तिथल्या सरकारनं धूप थांबवायला तो लावावा म्हणून शेतकऱ्यांना एकरी आठ डॉलरपर्यंत पैसे दिले. १९५३ मध्ये त्याच सरकारनं शिफारशीच्या यादीतून त्याला काढून टाकलं, पण तोवर दक्षिणेकडच्या राज्यांत झाडं, खांब, पडकी घरं सगळं त्याच्याखाली गेलं होतं. आपल्याकडची रोपवाटिकांत मिळणारी, पिवळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी वेडेलियाही याच जातकुळीतली. उतार झाकायला सोपी म्हणून ती लावतात, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत तिचं नाव आहे. बेशरम काढून तिच्या जागी वेडेलिया लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

बेशरम माती धरते, हे खोटं नाही. पण दाट वाढल्यावर तिच्या सावलीत हरळी टिकत नाही. खोडांच्या जाळीत गाळ, प्लॅस्टिक आणि केंदाळ अडकतं. त्या गाळावर ती आणखी आत सरकते, आणि चार माणसं आडवी झोपतील एवढ्या रुंदीचा ओढा हळूहळू उडी मारून ओलांडता येईल इतका अरुंद होतो. मग वरून लोंढा आला की त्याला जायला वाट नसते. तो समोरच्या, उघड्या काठावर आदळतो किंवा पाणंदीतून रानात शिरतो. तुटलेले तुकडे वाहत जाऊन खालच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर, मोटारीच्या फुटव्हॉल्व्हजवळ, पुलाच्या खांबाला अडकतात, आणि त्यातले काही तिथंच मूळ धरतात. पाणी तुंबलं की डासही आलेच.

आधी ओळख पक्की करा

माणसाच्या उंचीचं किंवा त्याहून उंच, झुकलेल्या फांद्यांचं झुडूप. पान बदामाच्या आकाराचं, टोकाला निमुळतं, वीतभर लांब. फूल भोंग्यासारखं, फिकट गुलाबी, घशात गडद. खोड जून झालं तरी आतून पोकळ, आणि मोडलं की पांढरा चीक येतो. फळ सुकलं की त्यात बहुतेक चार बिया असतात, त्यांच्यावर तपकिरी, रेशमासारखे लांब केस. या केसांमुळे बी वाऱ्यावर आणि पाण्यावर दूर जातं.

श्रमदानाला आलेल्या पोरांना एक झाड मात्र आवर्जून वेगळं दाखवा: नाळीची भाजी. तिचंही खोड पोकळ, तिचंही फूल भोंग्यासारखं, तीही पाण्याकाठीच असते. पण ती जमिनीवर किंवा पाण्यावर पसरते, उभं झुडूप होत नाही, आणि पान सहसा लांबट, बाणाच्या टोकासारखं असतं. ती खायची भाजी आहे. तिला हात लावू नका. आणि उलट्या बाजूनं, बेशरमचा कोवळा शेंडा भाजी समजून कुणी खुडणार नाही, याकडेही लक्ष ठेवा.

शेरडांचा धोका

म्हशीगायी बेशरमकडे सहसा वळत नाहीत. उन्हाळ्यात वैरण संपली, काठावर दुसरं हिरवं काही उरलं नाही, की शेरडं मात्र चाखायला लागतात. घातक गोष्ट अशी की एकदा चव लागली की त्यांना ती आवडायला लागते. चांगला चारा समोर असला तरी ती बेशरमकडे पळतात. तिच्यात स्वेन्सोनिन नावाचं विष असतं. ते झाडाच्या आत राहणारी एक बुरशी तयार करते. या विषामुळे पेशींमधल्या काही साखरेच्या साखळ्यांचं विघटन थांबतं, त्या पेशींतच साठत राहतात, आणि सर्वांत जास्त इजा मेंदूला, मज्जासंस्थेला होते.

लक्षणं एका दिवसात दिसत नाहीत. आठवडे जातात. जनावर वाळत जातं, केस राठ होतात, मागचे पाय लडबडतात, मान हलते, डोळे हरवल्यासारखे दिसतात, गाभण शेळी गाभडते किंवा करडू अशक्त जन्मतं. यावर उतारा नाही. लवकर लक्षात आलं आणि जनावर त्या काठापासून तोडलं तर सुधारू शकतं. बराच काळ खाल्लं असेल तर झालेली इजा भरून येत नाही. तेव्हा अशी शंका आली तर "जंत झाले असतील" म्हणून औषध पाजत बसू नका. पशुवैद्याला बोलवा आणि शेरडू कुठं चरतं तेही सांगा, कारण ते सांगितल्याशिवाय निदान चुकण्याची शक्यता मोठी.

पाला वाळला तरी विष जात नाही. उपटलेला ढीग चरायच्या वाटेवर टाकायचा नाही, एवढं यावरून लक्षात ठेवा.

काम सुरू करण्याआधी

नदी आणि बहुतेक ओढ्यांचं पात्र सरकारी असतं. स्वतःच्या बांधावरची बेशरम काढायला कुणाला विचारायची गरज नाही, पण पात्रात उतरणार असाल तर ग्रामपंचायतीला आणि जलसंपदा विभागाच्या जवळच्या शाखेला लेखी कळवा. माती उकरून हलवणार असाल तर गौण खनिजाचा प्रश्न येतो, मग तहसीलदारांची परवानगी लागते. हातानं उपटण्याच्या कामात हा भाग येत नाही. माझा हातानं काम करण्याकडे कल असण्याचं हेही एक कारण आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तुमच्या गावात ती कागदावर असेल तर तिला जागं करायला हे चांगलं निमित्त आहे.

बांध भावकीत असेल तर आधी बोलणं उरका. काठावरून दोन भावांत वाद असला की बेशरम काढणं म्हणजे हद्द सरकवणं, असा अर्थ निघतो. जुनी बेशरमची रांगच हद्दीची खूण असेल तर दोघांच्या समोर दगड रोवून घ्या आणि मगच उपटा.

आता जीवाची काळजी. दाट बेशरमच्या बुडाशी घोणस आणि नाग असतात. आधी लांब काठीनं हलवा, गमबूट घाला, हात खाली घालण्याआधी बघा. गांधीलमाशीचं मोहोळ आहे का पाहा. चिकामुळे काहींच्या अंगाला खाज सुटते, डोळ्यांत गेला तर आग होते. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे हवेतच. शिरोळकडे, कृष्णेच्या आणि वारणेच्या काठाला काम असेल तर मगरीचा विचार करावाच लागतो. मगरी फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास उतरत्या काठाच्या मातीत घरटं करून अंडी घालतात, त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. या काळात मादी आसपासच असते. काठावर घसरणीच्या खुणा, ताजी उकरलेली माती दिसली तर काम थांबवा, वनविभागाला कळवा. त्या प्राण्याला कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे, आणि तुमची पोरंही सुरक्षित राहिली पाहिजेत.

काठाचे तीन पट्टे

दोरी आणि चार खुंट्या घेऊन काठावर एक फेरी मारा. काठ तीन पट्ट्यांत बघायचा: अगदी पाण्यालगतचा पायथा, मधला उतार, आणि वरचा सपाट काठ. तिन्हींचं वागणं वेगळं असतं. पायथा खचला की वरचं सगळं त्याच्यामागं येतं, म्हणून पायथ्याची बेशरम सर्वांत शेवटी काढायची. वरचा काठ पहिल्यांदा, कारण तिथं चूक झाली तरी निभावते.

काठाला सरळ तुटलेली दरड असेल, नदीचं वळण असेल आणि धार तिथंच आपटत असेल, तर त्या जागेवर खूण करून ठेवा. तिथं पहिल्या वर्षी उपटायचं नाहीच. फक्त कापायचं, सावली कमी करायची आणि मधल्या मोकळ्या जागेत नवं लावायचं. नवं झाड रुजल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उपटा.

दुसरी गोष्ट वरच्या अंगाची. काम नेहमी प्रवाहाच्या वरच्या बाजूनं सुरू करून खाली यायचं. खालून वर गेलात तर वरून सुटलेले तुकडे तुम्ही साफ केलेल्या काठाला येऊन लागतात. ओढ्यावर हे सहज जमतं, कारण ओढ्याचा उगम बहुतेक एक-दोन गावांतच असतो. पंचगंगेसारख्या नदीवर तुमच्या वरच्या गावाला सोबत घेतल्याशिवाय इलाज नाही.

वेळ कधीची धरायची

सगळं गणित इथं आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे मोठे पूर जुलै-ऑगस्टमधले. दरवर्षी तेवढं पाणी येत नाही. पण कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पातळीनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की खालचा काठ कधीच बुडालेला असतो. म्हणजे काठावर जे काही लावाल त्याची परीक्षा जुलैतच होणार. जूनमध्ये, २६ तारखेच्या शाहू जयंतीला, मोठ्या उत्साहात नदीकाठी रोपं लावली जातात. वरच्या माळासाठी तो मुहूर्त उत्तम आहे. नदीच्या उतारासाठी तो वाईट आहे, कारण महिन्याभराचं रोप पुराला काय तोंड देणार? खालच्या दोन पट्ट्यांची लागवड पूर उतरल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत करा. जमिनीत ओल असते, ऊन मऊ असतं, मोटारीचं पाणी असतं, आणि मुळाला पुढच्या पुरापर्यंत सात-आठ महिने मिळतात.

यावरून वर्षाचा क्रम असा लागतो. दसऱ्यानंतर वाफसा आला की वरचा काठ आणि मधला उतार टप्प्याटप्प्यानं साफ करायचा. माती ओली असते तेव्हा बुडखे सहज येतात. मार्चनंतर काळी जमीन भेगाळते, कडक होते आणि खोड वर तुटून मूळ आत राहतं. उपटलेल्या जागेत त्याच आठवड्यात लागवड. मार्च ते मे या काळात नवं काही उघडं पाडायचं नाही. फक्त फुटवे काढायचे, लावलेल्याला पाणी द्यायचं आणि वाळलेला माल हलवायचा. उन्हाळ्यात उपसाबंदी लागली तरी तोवर वाळा आणि निर्गुडी स्वतःच्या पायावर उभी राहिलेली असतात.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला एक अडचण येते. पावसाळ्यानंतर पाणी अडवायच्या फळ्या, म्हणजे बरगे, घातले की पाणी चढतं आणि पायथ्याचा पट्टा उन्हाळ्यापर्यंत पाण्याखालीच राहतो. तिथला पायथा साफ करायला एप्रिल-मेशिवाय संधी मिळत नाही, आणि लगेच लागवड करून ती पुरात टिकेल याची खात्री नसते. अशा ठिकाणी पायथ्याची बेशरम फक्त शेंडे छाटून ठेवावी, फुलं-फळं धरू द्यायची नाहीत, आणि मधला उतार भक्कम करण्यावर जोर द्यावा, असं मला वाटतं. पूर्ण साफ काठाचा फोटो मिळणार नाही. काठ मात्र जागेवर राहील.

उपटायची रीत

सलग रांग कधीही उपटू नका. दहा-पंधरा फूट काढायचं, तेवढंच सोडायचं, पुन्हा दहा-पंधरा फूट. मधले सोडलेले पट्टे पुढच्या वर्षी. सोडलेल्या पट्ट्यांची छाटणी करून ठेवा म्हणजे बी पडणार नाही.

एका ठोंबावर दोन-तीन माणसं पुरतात. आधी कोयत्यानं खोडं गुडघ्याएवढी ठेवून कापायची. पूर्ण कापू नका, कारण ओढायला ती धरावी लागतात. कापलेल्या फांद्या लगेच ताडपत्रीवर. हा नियम कडक पाळा. जमिनीवर इकडेतिकडे पडलेल्या प्रत्येक पेराला ओल मिळाली की मूळ फुटतं, आणि तुम्ही एका ठोंबाचे पन्नास करून ठेवता. नंतर टिकावानं बुडाभोवतीची माती सैल करायची, पहार तिरकी घालून गड्डा उचलायचा, आणि गड्ड्याला लागलेली माती तिथंच झटकायची. ती माती काठाची आहे, ट्रॉलीत भरून न्यायची नाही. आडव्या गेलेल्या, गाळात दबून मुळं फुटलेल्या फांद्या मागोमाग शोधून ओढून काढा. खड्डा लगेच बुजवून पायानं दाबा.

पाण्यात उभी असलेली झाडं काढताना खालच्या बाजूला, प्रवाहाला आडवी, जुनी मासे धरायची जाळी किंवा शेडनेटची पट्टी दोन बांबूंना ताणून लावा. सुटलेले तुकडे तिथं अडकतात. दिवसाच्या शेवटी ती साफ करायची.

जेसीबी वापरावा का? भरून गेलेला ओढा मोकळा करायचा असेल, खोडांवर फूटभर गाळ बसला असेल, तर वापरावा लागतो. पण बकेटनं तुकडे होतात आणि मातीत मिसळतात, मग ती माती जिथं पडेल तिथं बेशरम उगवते. ती माती बांधावर ओढू नका. आणि चालकाला "तळ खरवडू नको, काठ उभा कापू नको" हे दोनदा सांगा.

उपटलेल्या ढिगाचं काय

इथं सर्वांत जास्त कामं फसतात. दिवसभर राबून काढलेला ढीग काठावरच सोडला, पाऊस आला, ढीग हिरवा झाला.

पूररेषेच्या वर, कातळ किंवा मुरमाची जागा शोधा. खाली वाळलेल्या काटक्यांचा थर किंवा जुनं प्लॅस्टिक टाकून त्यावर खोडं पातळ पसरा, मातीला टेकू देऊ नका. जाड ढीग आतून ओला राहतो. आठ-दहा दिवसांनी उलथा. खोड हातात मोडताना कडकन् तुटलं की ते मेलं. वाकलं तर अजून जिवंत आहे. कडक उन्हाळ्यात हे महिन्याभरात होतं, हिवाळ्यात जास्त दिवस जातात.

पूर्ण वाळलेली खोडं चुलीला, चुलवाणाला चालतात. कोवळा पाला बारीक करून शेणकाल्यासोबत खड्ड्यात कुजवता येतो. बेशरमपासून गांडूळखत करण्याचे प्रयोग भारतात झाले आहेत आणि खत होतं. मात्र खोडाचे पेरे जिवंत असताना खड्ड्यात टाकू नका, आणि बिया धरलेली फळं तर खतात अजिबात नकोत. ती वेगळ्या पोत्यात गोळा करून जाळा. हिरव्या खोडाचे वाल-घेवड्याला आधार म्हणून दांडके रोवायची, परड्याला कुंपण करायची आणि गोठ्यात अंथरायची सवय मोडायला हवी. त्या दांडक्यांना पालवी फुटते, आणि परसातून बेशरमचा नवा प्रवास सुरू होतो.

तणनाशकाबद्दल

उसात टू-फोर-डी वापरणाऱ्याला पहिला विचार तोच येतो. पाण्याच्या काठावर ते करू नका. खालच्या गावाची पिण्याच्या पाण्याची योजना याच नदीवर असते, आणि टू-फोर-डीचे तुषार वाऱ्यानं उडाले तर शेजारचं सोयाबीन, भुईमूग, भाजीपाला करपतो. ग्लायफोसेटच्या बाबतीत केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच वापरायचं, असं ठरवलं. फवारणीचा दुसरा तोटा व्यवहाराचा आहे: झाड जागेवर वाळतं, खाली गवत नसतं, आणि उघडा पडलेला काठ पुरासमोर जातो. ज्या चुकीला आपण घाबरतोय, तीच चूक पंप घेऊन होते.

त्या जागी काय लावायचं

पायथ्याला आणि खालच्या उतारावर वाळा. याच्या मुळ्या दाट आणि सरळ खाली, दोन-तीन मीटर खोल जातात, आणि धूप थांबवायला वापरतात तो वाळा बी धरून पसरत नाही. लावाल तिथंच राहतो. दोन-तीन फुटव्यांचा एक ठोंब घ्या, पाला वीतभर ठेवून छाटा, आणि उताराला आडव्या ओळीत चार ते सहा इंचांवर लावा. दोन ओळींत उतारावर मीटरभर अंतर ठेवा. ठोंब एकमेकांना भिडले की गाळ अडवणारी भिंत तयार होते. अंतर वाढवून रोपं वाचवण्याचा मोह होतो. त्यात ओळ फाटकी राहते आणि पाणी फटीतून माती घेऊन जातं.

वाळ्याच्या सोबतीला वाळुंज. अंगठ्याएवढ्या जाड, हातभर लांब फांद्या घेऊन दोन भाग जमिनीत, एक भाग वर, अशा ओल्या मातीत ठोका. लवचीक झाड आहे, लोंढ्यात वाकतं आणि पुन्हा उभं राहतं. घाटाकडच्या दगडगोट्यांच्या पात्रात शेरणी तेच काम करते. तिथं ती आधीच असेल तर बेशरमसोबत उपटली जाणार नाही हे बघा.

मधल्या उतारावर निर्गुडी. फांदीपासून येते, शेरडं खात नाहीत, मुळं चांगली धरते. मधल्या जागेत हरळीचे गड्डे दाबून बसवा. हरळी उसात शिरेल म्हणून शेतकरी नाक मुरडतो, त्याची भीती खरी आहे. म्हणून हरळी पाण्याकडच्या उतारावर ठेवा, रानाकडच्या बाजूला मारवेल लावा. मारवेल कापून वैरणीला येते. काठावरून दररोज भारा मिळायला लागला की त्या काठाची राखण करायला माणूस आपोआप उभा राहतो, आणि दूध संस्थेला दूध घालणाऱ्या गावात हा मुद्दा सभेत सर्वांत आधी पटतो. फक्त पहिली दोन वर्षं कापून न्यायची, जनावर सोडायचं नाही.

वरच्या काठावर करंज, उंबर, जांभूळ. करंज पाण्यात काही दिवस उभा राहिला तरी तगतो, आणि त्याचं बी गावातच मिळतं. मेस बांबूही चालेल, पण कडेपासून आत. जड बेट अगदी दरडीच्या टोकाला नको. सुबाभूळ आणि वेडी बाभूळ दोन्ही नकोत.

पुढची तीन वर्षं

पहिल्या वर्षी दर महिन्याला एक फेरी मारावी लागते. फुटवा वीतभर असतानाच खुरप्यानं मुळासकट काढला तर पाच मिनिटांचं काम. कमरेएवढा झाला की पुन्हा पहार. बी कठीण सालीचं असतं, सगळं एकदम उगवत नाही, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीही रोपं दिसत राहतील. पूर उतरल्यावरची फेरी सर्वांत महत्त्वाची. वरून वाहून आलेले तुकडे गाळावर पडलेले असतात, त्यांना अजून मूळ धरलेलं नसतं, नुसते वेचून पोत्यात भरता येतात. हीच फेरी दिवाळीनंतर केली तर ते उपटावे लागतात. वाळ्याच्या ओळीत जिथं ठोंब वाहून गेला असेल तिथं त्याच फेरीत नवा लावा.

ही कामं पैऱ्यानं केली तर परवडतात: आज तुमचा काठ, उद्या शेजाऱ्याचा. पाणीपुरवठा संस्थेनं जॅकवेलच्या दोन्ही बाजूंचा शंभर-शंभर फूट काठ स्वतःकडे घेतला आणि तालमीच्या पोरांनी स्मशानघाट ते पाणवठा एवढा पट्टा घेतला, तर सुरुवातीला तेवढं पुरे. वाळ्याच्या रोपांसाठी पहिल्याच हिवाळ्यात एखाद्या सभासदाच्या रानात दोन सरी लावून ठेवा. एका ठोंबाचे वर्षात बरेच फुटवे होतात आणि पुढच्या वर्षी रोपं विकत आणावी लागत नाहीत. त्या दोन सऱ्यांना पाणी कोण देणार, एवढं नाव मात्र पहिल्या बैठकीतच ठरवून घ्या.